कराराच्या शेवटच्या वर्षातला खेळाडू: विकावा, राखावा की विकत घ्यावा?

अवधूत_मिसिसागा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा २०२५-२६ चा हंगाम नुकताच, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सुरू झाला आहे. ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडूंची देवाणघेवाण करण्याची, मुदत संपायला फेब्रुवारी उजाडेल, पण ज्यांचे करार येत्या उन्हाळ्यात संपणार आहेत अशा खेळाडूंची नावे आतापासूनच चर्चेत येऊ लागली आहेत. या चर्चांमध्ये एक प्रश्न दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून त्याच्यासाठी स्वतंत्र धागा काढत आहे. काही महिन्यांत फ्री एजंट होऊन मनाला येईल त्या संघात जाऊ शकणाऱ्या खेळाडूचे ट्रेडमधील मोल कशावर ठरवायचे?

मी टोरांटोजवळ राहतो आणि तिथल्या रॅप्टर्स संघाचा पाठीराखा आहे, त्यामुळे उदाहरणे घरचीच देतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रेडची मुदत संपली, तेव्हा २०१९ च्या विजेत्या संघातले फ्रेड व्हॅनव्हलीट, ओजी अनुनोबी आणि पास्कल सियाकम हे तिघेही आमच्याकडे होते. व्हॅनव्हलीटला त्याच उन्हाळ्यात करारातून बाहेर पडता येणार होते आणि उरलेल्या दोघांना त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. संघाने तोवर जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेले सामने जास्त होते. तरीही व्यवस्थापनाने कोणालाच विकले नाही. उलट सॅन अँटोनिओकडून याकोब पोल्टलला आणण्यासाठी केम बर्च, दुसऱ्या फेरीचे दोन पिक (पिक म्हणजे दर वर्षीच्या ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडण्याची पाळी; कमकुवत संघाची पाळी साधारणपणे आधी येते) आणि पहिल्या सहांत न आल्यास २०२४ चा पहिल्या फेरीचा पिकही देऊन टाकला.

पुढे जुलैमध्ये व्हॅनव्हलीट तीन वर्षांच्या, १२ कोटी ८५ लाख डॉलरच्या करारावर ह्यूस्टनला गेला आणि रॅप्टर्सच्या हाती काहीही लागले नाही. त्यानंतर जाग आली. ३० डिसेंबर २०२३ रोजी अनुनोबी न्यूयॉर्कला गेला आणि १७ जानेवारी २०२४ रोजी सियाकम इंडियानाला. माझे स्पष्ट मत असे आहे की हे तिन्ही निर्णय किमान एक वर्ष उशिरा झाले, आणि त्या उशिराची किंमत संघ आजही मोजत आहे. आपले काय मत?

आगाऊ_बंड्या

यात अवघड काय आहे? पावसाच्या तोंडावर हापूसची पेटी ज्या भावाने जाते, तोच हा भाव. उद्या नासणार हे विकणाऱ्याला ठाऊक असते, आणि घेणाऱ्यालाही.

हिशेबनीस

बंड्या यांची उपमा चटकदार आहे, पण आंबा गिऱ्हाईकाशी नवा करार करत नाही, आणि या व्यवहाराचे सगळे मर्म त्यातच आहे.

कराराच्या शेवटच्या वर्षातला खेळाडू विकत घेणारा संघ दोन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे मोजतो. एक म्हणजे या हंगामात उरलेले सामने आणि त्यानंतरची बाद फेरी. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण बहुतेक वेळा तीच महाग असते. आपल्याच खेळाडूशी पुन्हा करार करताना संघाला सॅलरी कॅपची, म्हणजे एकूण पगारखर्चावरची, मर्यादा ओलांडता येते. लॅरी बर्डच्या नावाने ओळखला जाणारा हा हक्क ट्रेडबरोबर खेळाडूच्या मागोमाग नव्या संघाकडे जातो. इंडियानाने सियाकमसाठी पहिल्या फेरीचे तीन पिक, ब्रूस ब्राउन, जॉर्डन न्वोरा आणि तिसऱ्या संघामार्फत आलेला कायरा लुइस ज्युनियर इतके दिले, ते काही अडीच-तीन महिन्यांच्या साखळी सामन्यांसाठी नव्हे. उन्हाळ्यात त्याला मोठ्या रकमेवर राखता यावे, आणि त्यासाठी आधी कॅपमध्ये जागा मोकळी करावी लागू नये, याचे ते मोल होते. त्यांनी पुढे त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे १९ कोटी डॉलरचा करार केलाही.

म्हणूनच एकाच खेळाडूचे मोल निरनिराळ्या संघांसाठी निरनिराळे असते. लॉस एंजेलिसच्या संघाला वाटू शकते की थांबलो तरी हा खेळाडू उन्हाळ्यात आपण होऊन येईल. इंडियानापोलिसला अशी चैन परवडत नाही, कारण मोठे फ्री एजंट तिकडे क्वचितच वळतात. त्यांच्या दृष्टीने ट्रेड हेच असा खेळाडू मिळवण्याचे दार, त्यामुळे ते जास्त मोजतात. विक्रेत्याने सर्वांत श्रीमंत गिऱ्हाईक शोधू नये. ज्याला दुसरा मार्गच नाही, असे गिऱ्हाईक शोधावे.

अवधूत यांच्या 'एक वर्ष उशीर' या मुद्द्याशी मी निम्मा सहमत आहे. निम्मा का, ते सवडीने लिहितो.

शुभदा_प

मी याच्या अगदी उलट मताची आहे, आणि ते मांडण्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल.

आज मागे वळून पाहताना 'फेब्रुवारीत विकायला हवे होते' असे म्हणणे फार सोपे आहे. परंतु त्या संघाचा मध्यवर्ती गाभा चार वर्षांपूर्वी विजेता ठरला होता, स्कॉटी बार्न्ससारखा नवा खेळाडू जोडीला आला होता आणि एका उंच सेंटरची उणीव प्रत्येक सामन्यात जाणवत होती. पोल्टल आल्यावर ती भरून निघाली आणि संघाने हंगाम ४१ विजय व ४१ पराभवांवर संपवला. १२ एप्रिल २०२३ च्या शिकागोविरुद्धच्या प्ले-इन सामन्याला, म्हणजे बाद फेरीतल्या उरलेल्या जागांसाठीच्या लढतीला, मी सभागृहात होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही १९ गुणांनी पुढे होतो. त्या रात्री रॅप्टर्सना ३६ फ्री थ्रो मिळाले आणि त्यांपैकी १८ चुकले. शिकागोकडून खेळणाऱ्या डीमार डरोझनची लहानगी मुलगी आमच्या प्रत्येक फ्री थ्रोच्या वेळी कानठळ्या बसतील अशी किंकाळी फोडत होती, आणि ती वरच्या रांगांपर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. सामना १०९-१०५ असा गेला. त्या १८ पैकी पाच जरी आत गेले असते, तरी संघाच्या आशा जिवंत राहिल्या असत्या आणि आज याच धाग्यावर व्यवस्थापनाच्या संयमाचे कौतुक चालले असते.

दुसरे असे की जिंकण्याची आशा असलेला संघ आपला माणूस विकत नाही, आणि त्याने विकूही नये. २०१६ मध्ये ओक्लाहोमा सिटीने केव्हिन ड्युरँटला फेब्रुवारीत विकायला हवे होते, असे कोणी म्हणेल का? तो जुलैमध्ये फुकट गेला हे खरे, पण त्याआधी मे महिन्यात तो संघ गोल्डन स्टेटविरुद्ध ३-१ असा पुढे होता आणि अंतिम मालिकेपासून एका विजयावर उभा होता.

चौथा_क्वार्टर

शुभदाताई, त्या मुलीचे वडील २०१८ मध्ये ज्या संघाने विकले, त्याच संघावर तिने ते किंचाळणे खर्च केले. ट्रेडची किंमत काही वेळा इतक्या उशिरा आणि इतक्या मोठ्या आवाजात वसूल होते.

माहीमकर

धागा आवडीने वाचत आहे. बास्केटबॉल मी अधूनमधून पाहतो, आयपीएल मात्र नियमाने, म्हणून एक मूलभूत शंका विचारतो. हार्दिक पंड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे परत गेला, तेव्हा त्याच्या 'करारात किती दिवस उरले' याची चर्चा फारशी झाल्याचे मला आठवत नाही. मग एनबीएमध्येच त्याला इतके महत्त्व का?

हिशेबनीस

माहीमकर, फरक कराराच्या शेवटी काय होते यात आहे. आयपीएलमध्ये संघाने राखले नाही तर खेळाडू लिलावात जातो, आणि जो सर्वाधिक बोली लावेल त्याच्याकडे त्याला जावे लागते. संघ निवडण्याची मुभा त्याला नसते. एनबीएमध्ये अनिर्बंध फ्री एजंट झालेला खेळाडू स्वतः संघ निवडतो. त्यामुळे ट्रेडपूर्वी 'मी तुमच्याकडे पुढेही राहीन' किंवा 'राहणार नाही' एवढे जरी त्याच्या एजंटने घेणाऱ्या संघाच्या कानावर घातले, तरी भाव दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. बाजारात गिऱ्हाइके किती उरणार, हे बऱ्याच अंशी खेळाडूच ठरवतो.

आयपीएलमधील 'राइट टू मॅच' कार्ड मात्र इथे कामी येणारे उदाहरण आहे, कारण एनबीएमध्येही तसाच एक प्रकार आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या तरुण खेळाडूचा पहिला करार संपतो, तेव्हा त्याचा संघ त्याला 'निर्बंधित' फ्री एजंट करू शकतो. दुसऱ्या कोणी देकार दिला तर तेवढीच रक्कम मान्य करून मूळ संघ त्याला ठेवून घेतो. असा खेळाडू कराराच्या शेवटच्या वर्षात असला तरी त्याचे मोल फारसे घसरत नाही.

आता अनुनोबीच्या ट्रेडकडे या नजरेने पाहा. टोरांटोने अनुनोबी, प्रेशस अचिउवा आणि मलाकाय फ्लिन दिले, आणि त्या बदल्यात आरजे बॅरेट, इमॅन्युएल क्विकली आणि डेट्रॉइटचा दुसऱ्या फेरीचा पिक घेतला. अनुनोबी आणि क्विकली दोघेही २०२४ च्या उन्हाळ्यात मोकळे होणार होते. पण अनुनोबी मोकळा झाला असता तो मालक म्हणून, आणि क्विकली झाला तो दाराला कडी असताना. म्हणजे टोरांटोने निसटू शकणारा खेळाडू देऊन निसटू न शकणारा घेतला. या ट्रेडचा हा पैलू मला सर्वांत चतुर वाटतो.

अवधूत_मिसिसागा

चतुर असेल, पण क्विकलीला पुढे पाच वर्षांसाठी १७ कोटी ५० लाखांपर्यंतचा करार द्यावा लागला. कडी लावली, पण कडीचेही पैसे मोजले.

रानवारा

आणि अनुनोबीला न्यूयॉर्कने पाच वर्षांचे २१ कोटी २५ लाख मोजले, हेही त्याच वहीत लिहा. दोन्ही बाजूंनी खेळाडूची किंमत दोनदा मोजली: एकदा ट्रेडमध्ये आणि एकदा करारात. माझ्या मते ट्रेडचे मोल काढताना हा दुसरा आकडा वजा करण्याची सवय चाहत्यांना नाही. चार कोटींचा खेळ करणारा खेळाडू दोन कोटींच्या पगारावर आहे तोवर त्याच्यातून दर वर्षी दोन कोटींचा नफा होतो. तोच नव्या करारानंतर चार कोटी घेऊ लागला की खेळाडू तितकाच चांगला राहतो, पण नफा शून्यावर येतो. करार संपत आलेल्या खेळाडूचा भाव पडतो याचे मोठे कारण हे आहे. तो पळून जाईल ही भीती त्याच्या खालोखाल येते. तो राहिला तरी स्वस्त राहणार नसतो.

अनुनोबीचा २०२३-२४ चा पगार सुमारे १ कोटी ८६ लाख होता. नियमानुसार मुदतीआधी करार वाढवायचा तर आधीच्या पगाराच्या १४० टक्क्यांपर्यंतच जाता येत होते. बाजारात त्याला वर्षाला सरासरी सव्वाचार कोटी मिळाले. मग त्याने वेळेआधी सही का करावी? टोरांटोने त्याला मनवले नाही, अशी तक्रार काही ठिकाणी वाचली. मनवायला हातात होते काय?

शुभदा_प

रानवारा यांनी उत्तम समजावले आहे. त्यात सियाकमची बाजू जोडते. तो टोरांटोत राहून पुन्हा ऑल-एनबीए संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला असता, तर त्याला कॅपच्या ३५ टक्क्यांपर्यंत पगार मागता आला असता. ट्रेड होताच ही वाट बंद होते. म्हणजे ज्या खेळाडूला विकायचे, त्याचेच विकले जाण्यात नुकसान होते आणि त्याचीच संमती भाव ठरवते. अशा स्थितीत तीन पिक मिळाले हे मला थोडे वाटत नाही.

झेप

थोडे विषयांतर करतो, पण ते इंडियानाचेच आहे, त्यामुळे संपादकांनी क्षमा करावी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचे दोन सराव सामने झाले होते. भारतात एनबीए संघांनी खेळलेले ते पहिलेच सामने. पहिला प्रामुख्याने शाळकरी मुलांसाठी होता, मी शनिवारी दुसऱ्याला गेलो होतो. सॅक्रामेंटोचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे बहुतेकांचा ओढा त्यांच्या संघाकडे होता, पण दोन्ही सामने इंडियानाने जिंकले. त्या दिवशी इंडियानाकडून डोमांटास सबोनिस खेळत होता आणि समोर सॅक्रामेंटोचा बडी हील्ड होता. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, हे दोघे एकाच ट्रेडमध्ये एकमेकांच्या संघात गेले, आणि हील्डबरोबर इंडियानाला मिळाला टायरीस हॅलिबर्टन.

आता मूळ विषयाशी दुवा. हा सबोनिस इंडियानाकडे आला कुठून? २०१७ मध्ये पॉल जॉर्जच्या करारातले शेवटचे वर्ष उरले होते आणि आपण पुढे राहणार नाही हे त्याने संघाला कळवून टाकले होते. इंडियानाने त्याला ओक्लाहोमा सिटीकडे धाडले आणि व्हिक्टर ओलाडिपो व सबोनिस घेतले. त्या वेळी 'एवढ्या मोठ्या खेळाडूचे एवढेच?' म्हणून सगळ्यांनी नाके मुरडली. ओक्लाहोमा सिटीने धोका पत्करला, जॉर्ज त्यांच्याकडे आणखी राहिला, आणि २०१९ मध्ये त्यांनी त्याला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे पाठवताना शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या पिकांची रास मिळवली. २०२५ च्या अंतिम मालिकेत समोरासमोर उभे ठाकले ते इंडियाना आणि ओक्लाहोमा सिटी. एकाच खेळाडूला योग्य वेळी विकून दोन संघ अंतिम मालिकेपर्यंत आले, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्त ठरणार नाही.

चौथा_क्वार्टर

आणि तो खेळाडू स्वतः त्या मालिकेत नव्हता.

अवधूत_मिसिसागा

झेप यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, हे नम्रपणे नोंदवतो. इंडियानाने जॉर्जचे एक पूर्ण वर्ष शिल्लक असताना त्याला विकले. सियाकमच्या बाबतीत आम्ही अर्धे वर्ष वापरून उरलेले अर्धे विकले.

शुभदाताई, ड्युरँटचा दाखला मला इथे लागू वाटत नाही. अंतिम मालिकेपासून एक विजय दूर असलेला संघ आणि प्ले-इनसाठी धडपडणारा संघ, या दोघांना एकच माप कसे लावणार? जिंकण्याची आशा हे न विकण्याचे कारण असू शकते, पण ती आशा किती खरी आहे हे तपासण्याचे काम व्यवस्थापनाचे असते. आमच्याकडे आशेला खतपाणी घालायला वर आणखी एक पिक दिला. तो २०२४ मध्ये आठव्या क्रमांकावर निघाला आणि सॅन अँटोनिओकडे गेला. याला मी आगीतून फुफाट्यात जाणे म्हणतो.

शुभदा_प

आठवा क्रमांक का निघाला? कारण मधल्या काळात संघ मोडून सियाकम आणि अनुनोबीला विकले. तुम्ही जे वर्षभर आधी करायला सांगत आहात, तेच केल्यामुळे तो पिक महाग झाला. ते पोल्टलच्या खात्यावर टाकू नका.

आगाऊ_बंड्या

सामना बरोबरीत. जादा वेळ सुरू.

निळा_जर्सी

इथे सगळे विक्रेत्याच्या बाजूने बोलत आहेत. घेणाऱ्याच्या बाजूने टोरांटोनेच केलेला सर्वांत मोठा सौदा कोणी काढला नाही, याचे आश्चर्य वाटते.

जुलै २०१८ मध्ये क्वाय लिओनार्डच्या करारातले एकच वर्ष उरले होते, त्याआधीच्या हंगामात तो दुखापतीमुळे जेमतेम खेळला होता, आणि त्याला दक्षिण कॅलिफोर्नियात घरी जायचे आहे हे जगाला माहीत होते. टोरांटोने त्याच्यासाठी डीमार डरोझन, पोल्टल आणि २०१९ चा संरक्षित पिक दिला, आणि लिओनार्डबरोबर डॅनी ग्रीनही घेतला. जून २०१९ मध्ये संघ विजेता झाला आणि जुलैमध्ये लिओनार्ड क्लिपर्सला गेला. बदल्यात शून्य. तरी टोरांटोत आजवर कोणी 'फसलो' म्हणताना ऐकले आहे का? नव भाटियांसारख्या चाहत्याला विजेतेपदाची अंगठी मिळाली ती त्याच एका वर्षामुळे.

म्हणून 'फुकट गेला' या दोन शब्दांना मी घाबरत नाही. प्रश्न इतकाच की जाण्याआधी त्याने काय दिले.

हिशेबनीस

निळा_जर्सी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यातली दुसरी बाजूही पाहावी. लिओनार्ड इतक्या कमी किमतीत मिळाला याचे कारणच हे की तो राहणार नाही असे बाकीच्या संघांनी गृहीत धरले होते. टोरांटोने बर्ड हक्काची किंमत जवळपास शून्य धरली आणि फक्त एका हंगामाचे पैसे मोजले. तो हंगाम त्यांनी स्वस्तात घेतला. सौदा यशस्वी झाला तो यामुळे.

याच्या नेमके उलट म्हणजे फेब्रुवारी २०११ मधला कार्मेलो अँथनीचा सौदा. अँथनीला न्यूयॉर्कलाच जायचे होते, तो चार महिन्यांनी मोकळा होणार होता, आणि तरीही न्यूयॉर्कने डेन्व्हरला डॅनिलो गॅलिनारी, विल्सन चँडलर, रेमंड फेल्टन, टिमोफी मोझगोव्ह आणि पिक दिले. शिवाय २०१६ मध्ये पिकांची अदलाबदल करण्याचा हक्कही दिला, जो वापरून डेन्व्हरने सातव्या क्रमांकावर जमाल मरेला निवडले. २०२३ चे विजेतेपद डेन्व्हरला मिळवून देण्यात मरेचा वाटा केवढा होता, हे सांगायला नको.

रानवारा

अँथनीच्या बाबतीत एक गोष्ट विसरू नये. त्या वर्षी खेळाडू आणि मालक यांच्यातला सामूहिक करार संपत होता, नव्या नियमांत पगार कापले जाण्याची धास्ती होती, आणि त्यामुळे जुन्या नियमांनी करार वाढवून घ्यायचा तर अँथनीला ट्रेड हवाच होता. घाई न्यूयॉर्कला नव्हती, अँथनीला होती. पण किंमत न्यूयॉर्कने मोजली.

माहीमकर

म्हणजे ज्याला घाई त्याने पैसे द्यावेत, हा नियम तिथेही पाळला गेला नाही तर.

झेप

या चर्चेत एका पिकचा प्रवास सांगायचा मोह आवरत नाही, कारण त्यात मूळ प्रश्नाचे काही उत्तर दडलेले आहे.

सियाकमच्या बदल्यात मिळालेल्या तीन पिकांपैकी एक होता इंडियानाचा २०२६ चा, पहिल्या चारांत न आल्यास मिळणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरांटोने तो पिक, ब्रूस ब्राउन, केली ओलिनिक आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक देऊन न्यू ऑर्लिन्सकडून ब्रँडन इनग्रॅमला आणले. इनग्रॅमही कराराच्या शेवटच्या वर्षात, वर घोट्याच्या दुखापतीने बसलेला. म्हणजे या खेपेला टोरांटो घेणाऱ्याच्या खुर्चीत होते आणि त्यांनी घासाघीस करून भाव पाडला. लगेच त्याच्याशी तीन वर्षांचा, १२ कोटी डॉलरचा करारही झाला. पुढे न्यू ऑर्लिन्सने तो पिक इंडियानालाच परत दिला आणि २०२५ चा २३ वा पिक घेतला. हा व्यवहार अंतिम मालिका चालू असताना झाला. काही दिवसांतच सातव्या सामन्यात हॅलिबर्टनच्या टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) तुटली आणि इंडियानाचा २०२६ चा पिक एका रात्रीत महाग झाला.

यावरून मला असे वाटते की 'सियाकमचे तीन पिक मिळाले' हे वाक्य अपुरे आहे. त्यातल्या एका पिकचे पुढे इनग्रॅममध्ये रूपांतर झाले. ट्रेडचा हिशेब त्या दिवशी मिळालेल्या वस्तूंवर करायचा, की त्या वस्तूंचे संघाने पुढे काय केले त्यावर?

शुभदा_प

त्या दिवशीच्या वस्तूंवरच. नाही तर मग २०२५ च्या पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेचेही ओझे आपल्याच माथी येईल. त्यात एका बाजूला सियाकम होता, दुसऱ्या बाजूला अनुनोबी. सियाकमने दुसऱ्या सामन्यात ३९ गुण केले आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ती मालिका मी आवाज बंद करून पाहिली.

निळा_जर्सी

झेप, तुमच्या पिकच्या प्रवासावरून एक सांगतो. खेळाडू कराराच्या अखेरीस नासतो असे बंड्या म्हणाले, पण पिक नासत नाही, निदान ड्राफ्टच्या दिवसापर्यंत तरी नाही. विक्रेता खरे म्हणजे मुदत विकत घेत असतो. सियाकमची मुदत जूनला संपत होती, तिच्या बदल्यात २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. त्या मुदतीचा उपयोग इनग्रॅमसाठी झाला, तो बरा की वाईट हा स्वतंत्र विषय.

चौथा_क्वार्टर

मूळ प्रश्नातला व्हॅनव्हलीट मात्र सगळे विसरले. त्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये विकले असते तर काय मिळाले असते? अफवा नकोत, तर्क सांगा.

हिशेबनीस

आता माझी उरलेली निम्मी सहमती सांगतो, कारण ती इथेच बसते.

सियाकम आणि अनुनोबी यांच्या बाबतीत उशीर झाला असे मी मानत नाही. दोघांच्याही बदल्यात उपयोगी गोष्टी आल्या, आणि आणखी वर्षभर आधी विकले असते तर किती अधिक मिळाले असते, हे केवळ अंदाजाचे काम आहे. व्हॅनव्हलीटचे तसे नाही. तो करारातून बाहेर पडणार हे उघड होते, कारण पुढच्या वर्षीचा २ कोटी २८ लाखांचा पगार बाजारभावापेक्षा बराच कमी होता. ह्यूस्टनसह काही संघांकडे कॅपमध्ये भरपूर जागा असणार, हेही फेब्रुवारीत दिसत होते. ज्याच्याकडे जागा आहे त्याला बर्ड हक्क नको असतो, जुन्या संघाने सही करून घेऊन खेळाडू लगेच ट्रेडमध्ये धाडावा याचीही त्याला गरज नसते, तो थेट पैसे मोजतो. म्हणजे 'जाताना काहीतरी पदरात पडेल' ही आशाही ठेवण्यात अर्थ नव्हता.

व्यवस्थापनाने फेब्रुवारीत स्वतःला एकच प्रश्न विचारायला हवा होता: कोणी वर्षाला चार कोटींहून अधिक देऊ केले, तर आपण तेवढे देणार आहोत का? उत्तर 'हो' असेल तर ठेवणे योग्य. उत्तर 'नाही' असेल, आणि जुलैने दाखवले की ते 'नाही' होते, तर पहिल्या फेरीचा एक सामान्य पिकसुद्धा पुरेसा भाव होता. अशा छोट्या उंचीच्या, तिशीकडे झुकलेल्या गार्डसाठी, उरलेल्या तीन-चार महिन्यांचे, त्याहून फार जास्त मिळाले असते असे मला वाटत नाही. ह्यूस्टननेही पुढे तिसऱ्या वर्षाचा पर्याय सोडून देऊन त्याच्याशी दोन वर्षांचा, ५ कोटींचा नवा करार केला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. रक्कम न देण्याचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. तो जुलैपर्यंत न घेणे चुकीचे वाटते.

अवधूत_मिसिसागा

ही मांडणी मला मान्य आहे. सियाकमबद्दल मात्र माझे मत कायम आहे, त्यावर आपण निवांत भांडू.

शुभदा_प

मलाही मान्य आहे, आणि अवधूत यांना मान्य आहे म्हणून थोडी शंकाही येते आहे.

माहीमकर

जाता जाता एक. हाच हिशेब आता बॅरेटला लावून पाहा. त्याचा करार २०२६-२७ च्या हंगामापर्यंत आहे, म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यात त्याचे शेवटचे वर्ष सुरू होईल.

अवधूत_मिसिसागा

माहीमकर, बॅरेट आमच्या मिसिसागाचा मुलगा, त्यामुळे माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा करू नका. तरी प्रयत्न करतो. बार्न्स, इनग्रॅम, क्विकली आणि पोल्टल यांचे पगार बांधून झाले आहेत. त्यावर पाचवा मोठा करार दिला तर लक्झरी टॅक्सची रेषा, म्हणजे जिच्यापलीकडे पगारखर्चावर संघाला जादा कर भरावा लागतो ती, ओलांडावी लागेल, आणि हा संघ सध्या त्या लायकीचा नाही. म्हणजे हिशेबनीस यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते 'नाही' असे आहे. मग त्याला फेब्रुवारी २०२७ पर्यंत ताटकळत ठेवण्यापेक्षा जून २०२६ मध्ये, ड्राफ्टच्या सुमारास, पूर्ण वर्ष शिल्लक असताना विकावे. बदल्यात एक पिक आणि एखादा स्वस्त करारावरचा तरुण सेंटर आला तरी मी समाधानी असेन.

आगाऊ_बंड्या

आणि तो मिसिसागाचा मुलगा दुसऱ्या संघाकडून इथे खेळायला आला, की अवधूत कोणत्या बाजूने ओरडणार?

अवधूत_मिसिसागा

आमच्या संघाच्या फ्री थ्रोच्या वेळी नक्कीच गप्प राहीन.